बाबांच्या कॉम्प्युटरची तारीख बरोबर होती



पोस्ट लांब आहे. आत्ता घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि शनिवारी घरी फोन करण्याआधी वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून आपल्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारताहेत. "आईबाबांच्या कॉम्प्युटरवर साइट्स उघडत नाहीयेत, नवीन घेऊन द्यावा का?" कधी थोड्या वैतागाने, "त्यांना शंभरदा सांगितलं, पण ते काहीतरी चुकीचं दाबतात." या दुसऱ्या वाक्यासाठी ही पोस्ट लिहितेय. हे वाक्य मीही म्हटलं होतं, आणि ते खोटं निघालं.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही, सीए आहे. पुण्यात आर्टिकलशिप केली, २००८ पासून इंग्लंडमध्ये आहे. पण एखादी रक्कम जुळली नाही की नोंदीमागे, मग व्हाउचरमागे, मग व्हाउचरवर सही करणाऱ्यामागे जायचं, ही आमची सवय. तेच इथे केलं आणि जे सापडलं तो वीस-एकवीस वर्षांचा इतिहास आहे.

ऑक्टोबर २०२१

बाबा मिरजेला असतात. शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. २०१० मध्ये घेतलेला डेस्कटॉप, त्यावर विंडोज ७. दर शनिवारी आमच्या सकाळी ते माझ्या मुलाला मराठी वाचून दाखवायचे. फोनवर व्हिडिओ कॉल, आणि समोर कॉम्प्युटरवर एखादी गोष्ट किंवा लेख उघडलेला. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली ही गोष्ट दोघांनाही लागून राहिली होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बाबा म्हणाले, "आज पाहुणे आहेत." दुसऱ्या शनिवारी, "जरा डोळे दुखताहेत." तिसऱ्या शनिवारी मी आईला वेगळा फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, त्यांच्या हातून कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघडलंय. तुला सांगू नको म्हणालेत. त्या दिवसापासून प्लगसुद्धा काढून ठेवलाय."

मग मीच विषय काढला. बाबांनी फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला. लाल त्रिकोण, खाली लिहिलेलं की तुमचं कनेक्शन खाजगी नाही. एकही साइट उघडेना. कोपऱ्यातल्या घड्याळात साल होतं २००९. मी खूश! तारीख बदलायला लावली. निम्म्या साइट्स उघडल्या. पण ज्या साइटवर ते गोष्टी वाचायचे ती उघडेना, आणि तिथे पुन्हा तारखेचीच तक्रार.

"बाबा, तारीख नीट बघा. साल कुठलं आहे?"

"दोन हजार एकवीस."

"महिना?"

"ऑक्टोबर आहे गं."

असं तीनदा. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. मागून मुलगा ओरडला, "आजोबा, जस्ट अपडेट करा ना!" बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे बाळा. मला नाही जमत हे आता." आणि फोन ठेवला.

चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरच्या दोन रात्री मी वाचण्यात घालवल्या. तारीख बरोबर होती. बाबा बरोबर होते. संपली होती ती दुसऱ्याच कुणाचीतरी मुदत. पण ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

एकच खिडकी असलेलं घर

२००१ हे साल धरा. ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला, २५ ऑक्टोबरला विंडोज एक्सपी. त्याआधीची नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टची लढाई संपली होती. ब्राउझर विंडोजच्या खोक्यातच फुकट मिळतो म्हटल्यावर वेगळा कोण आणणार? पुढची काही वर्षं जगातले दहापैकी नऊ जण त्याच एका ब्राउझरने इंटरनेट बघत होते. स्पर्धा नव्हती, म्हणून घाईही नव्हती. आवृत्ती ७ यायला २००६ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे पाच वर्षं.

या पाच वर्षांत लोकांनी आपापली कामं त्या एका ब्राउझरला बांधून टाकली. दक्षिण कोरियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात अमेरिका मजबूत एन्क्रिप्शन परदेशी पाठवू देत नसे. बाहेरच्यांना मिळणारं कुलूप ४० बिटांचं, म्हणजे तकलादू. कोरियाने १९९८ मध्ये 'सीड' नावाचं स्वतःचं १२८ बिटांचं कुलूप बनवलं. ते ब्राउझरमध्ये बसवायला अ‍ॅक्टिव्हएक्स नावाची जोडणी वापरली, आणि ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. अमेरिकेने निर्बंध लवकरच सैल केले, पण कोरियाची बँकिंग आणि खरेदी पुढची पंधरा-वीस वर्षं त्या एका ब्राउझरला चिकटून राहिली. सक्तीची सरकारी सर्टिफिकेट पद्धत अखेर डिसेंबर २०२० मध्ये गेली.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. आर्टिकलशिपच्या दिवसांत ऑडिटला गेलं की बऱ्याच क्लायंटकडे एक मशीन बाजूला ठेवलेलं दिसायचं. त्यावर कागद चिकटवलेला, "याला हात लावू नये." डिजिटल सही त्याच्यावरच चालते, जावाची तीच आवृत्ती लागते, एक्सप्लोरर अपडेट केला की सगळं बंद. आम्ही हसायचो. पण जुनं मशीन सांभाळणारा माणूस आळशी नसतो, त्याचं काहीतरी त्या मशीनमध्ये अडकलेलं असतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबांचं काय अडकलं होतं

बाबांचं मराठी अडकलं होतं.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका खुणेवर टिचकी मारायची, मग ते सीडी मागायचं. त्यामुळे छापखाने, शाळा, डीटीपीवाले सगळे वेगवेगळी मराठी पॅकेजेस वापरायचे. या पॅकेजेसची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने फाइलमध्ये इंग्रजी चिन्हंच, फक्त वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर चित्रविचित्र चिन्हांचा ढीग. आणि प्रत्येक पॅकेजचा मुखवटा वेगळा.

आपल्यापैकी जे २००५-०८ च्या आधी बाहेर आले त्यांना आठवत असेल. मराठी पेपर ऑनलाइन वाचायचा तर आधी त्या पेपरचा फॉन्ट उतरवायचा. काही साइट्स स्वतःच फॉन्ट पाठवायच्या, पण तो इंटरनेट एक्सप्लोररलाच समजायचा. फायरफॉक्समध्ये उघडलं की कचरा. १.० आवृत्तीचा फायरफॉक्स नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा ऑफिसातल्या मुलांनी लगेच घेतला, पण मराठी पेपरसाठी सगळे मुकाट्याने एक्सप्लोररकडे परत.

बाबांनी असंच एक पॅकेज घेतलं होतं. सोबत कॉम्प्युटरच्या मागे लावायचं छोटं लॉक, ते नसेल तर पॅकेज उघडतच नाही. त्यात ते बारा वर्षं आमच्या घराण्याचा इतिहास टाइप करत होते. पणजोबांचं मिरजेला येणं, प्लेगची वर्षं, आजीने सांगितलेल्या ओव्या, कोणाचं लग्न कुठे झालं. तेव्हा एकशेचाळीस पानं झाली होती. नवीन विंडोजवर ते पॅकेज चालणार नाही असं दुकानदाराने सांगितलेलं.

आता २०१५ मध्ये या. २९ जुलैला विंडोज १० आलं आणि विंडोज ७ वाल्यांना वर्षभर फुकट. फुकट म्हणजे आग्रहाने. कोपऱ्यात खिडकी, मग मोठी खिडकी, मग "आज रात्री की उद्या?" असे पर्याय. जगभर लोक वैतागले, आणि अनेकांनी सगळे अपडेट्सच बंद करून टाकले. बाबांनीही दुकानातल्या मुलाला बोलावून तेच केलं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. बारा वर्षांचं लिखाण एका बाजूला आणि कुठलीशी खिडकी दुसऱ्या बाजूला.

पण अपडेट बंद म्हणजे टपालच बंद. पुढच्या सहा वर्षांत त्या टपालातून काय काय यायचं होतं, ते बाबांना कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

नमुना सहीचं कार्ड

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते.

बँकेत कंपनीचा चेक गेला की कारकून काय बघतो? तारीख, आणि सही. सही बरोबर आहे हे त्याला कसं कळतं? त्याच्याकडे नमुना सहीचं कार्ड असतं. त्या कार्डावरची सही चेकवर असेल तर पैसे, नाहीतर चेक परत.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप अगदी असंच चालतं. साइट एक सर्टिफिकेट दाखवते, म्हणजे "मी तीच आहे" असा दाखला. त्यावर एका संस्थेची सही, त्या संस्थेच्या दाखल्यावर तिच्या वरच्या संस्थेची सही. शेवटी सगळ्यात वर एक मूळ सही असते, तिला रूट सर्टिफिकेट म्हणतात. ही मूळ सही तुमच्या कॉम्प्युटरमधल्या कार्डावर आधीपासून असावी लागते. आणि हो, प्रत्येक दाखल्याला तारीख असते. या दिवसापासून या दिवसापर्यंत.

२००० च्या दशकात हे कुलूप फक्त बँकेच्या आणि खरेदीच्या साइटवर असे. दाखल्याला पैसे पडायचे, गोष्टी आणि पाककृती छापणारा कशाला घेईल? डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा सगळ्यांना खुली झाली. फुकट सर्टिफिकेट, ९० दिवसांचं, आपोआप नवं होणारं. जुलै २०१८ पासून क्रोमने बिनकुलपाच्या प्रत्येक साइटवर "सुरक्षित नाही" असं लिहायला सुरुवात केली. मग काय, सगळ्यांनीच कुलूप लावलं. चांगलंच झालं. पण त्यामुळे जुन्या मशीनची अडचण फक्त बँकेपुरती राहिली नाही, गोष्ट वाचायलाही नमुना सहीचं कार्ड ताजं असणं भाग पडलं.

लेट्स एन्क्रिप्ट नवीन होतं, त्यांची स्वतःची मूळ सही २०१५ ची. ती जगातल्या जुन्या मशीनच्या कार्डांवर कुठून असणार? म्हणून त्यांनी एका जुन्या, सर्वमान्य सहीचा आधार घेतला. जसा नवा मॅनेजर रुजू होतो तेव्हा सुरुवातीला जुन्या साहेबांची प्रतिस्वाक्षरी लागते, तसं. त्या जुन्या साहेबांचं नाव डीएसटी रूट सीए एक्स-३. नेमणूक ३० सप्टेंबर २०००. निवृत्ती ३० सप्टेंबर २०२१.

तो गुरुवार होता. बाबांनी पाहुण्यांची सबब सांगितली तो शनिवार म्हणजे २ ऑक्टोबर.

ज्या मशीनना टपालाने नवं कार्ड मिळालं होतं, त्यांना काही जाणवलं नाही. नव्या मॅनेजरची सही त्यांच्याकडे होती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांनी जुन्या साहेबांची मुदत संपल्याचं बघितलं आणि दार लावून घेतलं. विंडोज ७ मध्ये हे कार्ड आपोआप ताजं करून घ्यायची सोय होती, पण बाबांच्या मशीनवर ती चालत नव्हती. जुन्या मॅकवर, मॅकओएस १०.१२.१ च्या आधीच्या, हाच गोंधळ झाला. अँड्रॉइड मूळ सहीची अंतिम तारीख तपासत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी तजवीज झाली आणि जुने फोन चालू राहिले. बाबांच्या फोनवर साइट उघडत होती आणि कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळे मला आणखीच वाटलं की कॉम्प्युटरवर ते काहीतरी चुकवताहेत.

आणि २००९? साइट उघडेना म्हणून घाबरून बाबांनी प्लग काढून ठेवला. आत मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. दहा-अकरा वर्षांचा सेल केव्हाच मेला होता. प्लग भिंतीत असेपर्यंत ते कळलं नव्हतं. प्लग निघाला आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेला गेलं. २००९ मध्ये उभं राहून बघितलं तर सगळेच दाखले भविष्यातले, म्हणून एकही साइट उघडेना. साल दुरुस्त केलं तर निम्मे दाखले चालले, उरलेल्यांचे साहेब निवृत्त झालेले. दोन वेगळे बिघाड, आणि स्क्रीनवर दोन्हीची तक्रार तारखेचीच. मला पहिला दिसला, दुसऱ्याचं खापर मी बाबांवर फोडलं.

मग उपाय काय निघाला?

साधाच. इथेही इतिहास कामाला आला. त्या वेळी क्रोम विंडोजचंच कार्ड वापरायचा. फायरफॉक्स मात्र आपलं वेगळं कार्ड बरोबर घेऊन फिरतो. पुढच्या शनिवारी आधी सेल बदलून घेतला, मग बाबांनी फायरफॉक्स उतरवला, गोष्टींची साइट टाकली आणि ती उघडली. बस्स.

फोनवर मी म्हटलं, "बाबा, तारीख बरोबर होती. तुम्ही बरोबर वाचत होता. चूक माझी." ते म्हणाले, "मग काय, मला काय साल वाचता येत नाही?" आणि हसले. आईने नंतर सांगितलं, त्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या काकांना नमुना सहीचं कार्ड समजावून सांगितलं. दोनदा.

हे एवढ्यावर संपत नाही

कुणी म्हणेल, झालं की मग, जुनं मशीन चालूच ठेवा. तसंही नाही. विश्वासाच्या कार्डाबरोबर आणखी दोन गोष्टी जुन्या होत जातात.

एक म्हणजे भाषा. ब्राउझर आणि साइट आपसांत गुप्तपणे बोलतात त्या भाषेच्या आवृत्त्या आहेत. टीएलएस १.० १९९९ ची, १.१ २००६ ची, १.२ २००८ ची, १.३ २०१८ ची. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला १.० च्या पुढे येतच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरवाल्यांनी मिळून जाहीर केलं की २०२० मध्ये १.० आणि १.१ बंद करणार. साइट्सही तेच करत गेल्या. ज्याला नवी भाषा येत नाही त्याच्याशी संवादच होत नाही. तिथे तारीख बदला, काहीही करा, उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राउझर स्वतः. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. क्रोमने आणखी दोन वर्षं साथ दिली, आवृत्ती ४९ शेवटची. फायरफॉक्स ५२ च्या लांब मुदतीच्या आवृत्तीने २०१८ पर्यंत. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोम २०२३ च्या सुरुवातीला १०९ वर थांबला, फायरफॉक्स ११५ वर, पण त्या ११५ ची मुदत ते पुढे वाढवत राहिले. म्हणजे दोन्ही वेळा मालकाने हात काढल्यावर क्रोम दोन-तीन वर्षं टिकला आणि फायरफॉक्स त्याहून जास्त. विंडोज १० वाल्यांनी आज घाबरून जायचं कारण नाही, पण घड्याळ चालू झालंय.

आणि हे सगळं का, तर १२ मे २०१७ आठवा. इथे इंग्लंडमध्ये असलेल्यांना तो शुक्रवार आठवत असेल. 'वॉनाक्राय' आलं आणि इंग्लंडमधल्या एनएचएसच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ट्रस्टचं काम विस्कळीत झालं. अपॉइंटमेंट्स रद्द, रुग्ण दुसरीकडे पाठवले. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. नंतर कळलं की तिथली बहुतेक बाधित मशीन एक्सपी नव्हती, विंडोज ७ होती. म्हणजे सपोर्ट असलेली, पण अपडेट न लावलेली. बाबांच्या मशीनसारखी.

आमच्या पुस्तकात, भारताच्या कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात, डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलंय. त्यानंतर वहीत किंमत जवळपास शून्य, पण वस्तू वापरात. अशा वस्तू प्रत्येक ऑफिसात असतात. त्यात गैर काही नाही, फक्त कुठलं काम त्या वस्तूला द्यायचं नाही ते ठरवून टाकायचं असतं.

घरी फोन कराल तेव्हा

हा क्रम मी आता वापरते. कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय.

१. आधी विचारा, "स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय?" आणि ते पूर्ण वाचू द्या. मध्ये बोलू नका. फोटो मागवा.

२. घड्याळ. तारीख, साल, आणि टाइम झोनसुद्धा. मशीन बंद केल्यावर ती पुन्हा पुन्हा मागे जात असेल तर सेल बदला. स्वस्तात होतं.

३. सगळ्या साइट्स बंद आहेत की काहीच? सगळ्या असतील तर बहुधा घड्याळ किंवा नेट. काहीच असतील तर बहुधा सहीचं कार्ड किंवा भाषा. हा एक प्रश्न मला दोन रात्री वाचवू शकला असता.

४. दुसरा ब्राउझर लावून बघा. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर फायरफॉक्स ११५ ची लांब मुदतीची आवृत्ती, तिचे सगळे अपडेट्स घेऊन. १४ मार्च २०२५ ला फायरफॉक्सच्याही एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. ११५.१३ पेक्षा जुनी आवृत्ती असेल तर अ‍ॅड-ऑन वगैरे बंद पडतात. ब्राउझर नेहमी कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्यायचा.

५. "अ‍ॅडव्हान्स्ड" दाबून "तरीही पुढे जा" ही सवय लावू नका. गोष्टीच्या साइटवर ती निरुपद्रवी वाटते, पण बोटाला सवय लागली की तेच बोट एक दिवस खोट्या बँकेच्या साइटवरही पुढे जाईल. तारीख मुद्दाम मागे न्यायची युक्ती कोणी सुचवली तर तीही नको. ९० दिवसांची सर्टिफिकेट्स, ती टिकत नाही, आणि बाकीच्या साइट्स बिघडतात.

६. जुन्या मशीनवर बँक, पेन्शन, आधार, इन्कम टॅक्स नाही म्हणजे नाही. ही कामं अपडेट मिळणाऱ्या फोनवर किंवा टॅबवर.

७. विंडोज १० असेल तर घरगुती वापरासाठी नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्स मिळतात. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर या वर्षात निर्णय घ्या. लिनक्स टाकून जुनं मशीन नेटसाठी चांगलं चालतं, घरात कोणी शिकवणारं असेल तर.

८. आणि सगळ्यात महत्त्वाचं. "नवीन घेऊन देते" म्हणायच्या आधी विचारा, "यात तुमचं काय आहे?" काही फोटो असतील, जुन्या फॉन्टमधलं लिखाण असेल, टॅलीच्या वह्या असतील. आधी ते बाहेर काढा.

आमच्याकडे तेच केलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये घरी गेले तेव्हा जुन्या फॉन्टमधली ती सगळी पानं युनिकोडमध्ये बदलून घेतली. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात. त्यामुळे पान न् पान वाचून दुरुस्त करावं लागलं. मी मूळ कागद वाचायचे, बाबा स्क्रीनवर सुधारायचे. प्लेगच्या वर्षांचं प्रकरण मी पहिल्यांदाच नीट वाचलं. एवढी वर्षं ते त्या मशीनमध्ये होतं आणि मी त्यांना "बदला हो ते जुनं डबडं" म्हणत होते.

आता बाबांकडे नवा लॅपटॉप आहे. जुना डेस्कटॉप टेबलावरच आहे, नेटची वायर काढलेली, मागे ते लॉक तसंच. त्याच्यावर ते अजूनही पहिला मसुदा टाइप करतात, कारण बोटांना तोच कीबोर्ड माहीत आहे. शनिवारचं वाचन चालू आहे. मुलगा आता आजोबांना "जस्ट अपडेट करा" म्हणत नाही. "आजोबा, काय लिहून आलंय?" असं विचारतो.

तुमच्या घरी कुठली विंडोज आहे, या आठवड्यात विचारून कमेंटमध्ये लिहा. अडलं तर मिळून बघू. आणि कोणी गेल्या महिन्याभरात "आज पाहुणे आहेत" म्हणालं असेल, तर त्यांना आधी फोन करा.